‘कारकून हो’ म्हणाला म्हणून?

वाचकाचं पत्र:

ताई नमस्कार, मी डोंबिवलीचा, वय २७. कॉलेजला दादरला होतो, तिथे एकांकिका करता करता आम्ही तिघं जमलो. मी, एक मित्र जो दिग्दर्शन करतो आणि एक मैत्रीण जी लाइट्स करते. कॉलेज संपल्यावर स्वतःचा ग्रुप काढला, स्वतःचं दोन अंकी नाटक करायचं ठरवलं आणि त्यासाठी दोन वर्षं झाली तिघंही दर महिन्याला १५०० रुपये एका खात्यात टाकतोय. मधे दोन एकांकिका केल्या, दोन्ही मीच लिहिल्या, एकीला लेखनाचं दुसरं बक्षीस मिळालं. दोन अंकीसुद्धा मीच लिहितोय, ट्रेनमध्ये फोनवर. पहिला अंक झालाय, दुसऱ्यात अडलोय, बाप दार उघडतो आणि समोर मुलगा उभा, तर बाप पहिलं काय बोलेल तेच सापडत नाहीये. माणसं कमी पडतात म्हणून मी कामही करतो. सध्या ऐरोलीला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, १९ हजार हातात येतात. घरच्यांच्या आग्रहाने बँकेच्या क्लार्कची परीक्षा दिली होती आणि माझं नाव लागलं. सरकारी बँक, चिपळूणजवळची शाखा, तीन आठवड्यांत जॉइन व्हायचंय. वयामुळे पुढे चान्स जवळपास नाहीच. बाबा पुढच्या वर्षी कंपनीतून रिटायर होतायत, घराचा हप्ता १४ हजार, बहीण शिकतेय. मित्राला सांगितलं तर शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या बाहेर चार लोकांसमोर म्हणाला, ‘जा, कारकून हो. तू गेलास की ग्रुप संपला.’ त्याच्या वडिलांची ठाण्यात दोन दुकानं आहेत, तो म्हणतो मी दुकान सोडू शकतो तर तू नोकरी का नाही. मैत्रीण काहीच बोलली नाही. ताई, मी घाबरट आहे का? आणि खात्यात ४२ हजार आहेत, त्यांचं काय करायचं?
– अडकलेला, डोंबिवली

अरे अडकलेल्या,

आधी उत्तर देऊन टाकते म्हणजे तुला शेवटपर्यंत श्वास रोखून वाचायला नको. जॉइन हो. तीन आठवड्यांतले दोन दिवस रडायला ठेव हवे तर, पण जॉइन हो.

आता का ते सांगते, आणि ‘घरची परिस्थिती बघ बाबा’ हे कारण मी पहिलं देणार नाहीये, कारण ते तुला तुझ्या घरात, शेजारी आणि बहुतेक चिपळूणच्या मावशीनेसुद्धा सांगून झालं असेल.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात अभिनयाबद्दल किती आहे माहितीये? ‘माणसं कमी पडतात म्हणून मी कामही करतो.’ बस. एवढंच एक वाक्य आणि तेसुद्धा कोणी रेशनच्या लाइनीत उभं राहायला पाठवल्यासारखं. आणि नोकरीच्या पत्रात, एका अनोळखी बाईला, कोणी विचारलेलं नसताना तू सांगून बसलास की दुसऱ्या अंकात बाप दार उघडल्यावर काय बोलतो तेच सापडत नाहीये. अरे मला काय करायचंय त्या बापाचं! पण तुला राहवलं नाही. हप्ता, रिटायरमेंट, अपमान एवढं सगळं डोक्यावर असताना तुझ्या डोक्यात तो बाप दारात उभा आहे. म्हणजे तू लेखक आहेस, नट नाहीस आणि ‘रंगकर्मी’ वगैरे जो मोठा शब्द आपण तिघांना मिळून वापरतो तोही तुला तितकासा लागू नाही. हे महत्त्वाचं का, तर तुम्ही तिघांनी एकच स्वप्न बघितलं असं तुम्हाला वाटतंय पण तुमची तीन वेगवेगळी कामं आहेत आणि प्रत्येक काम माणसाकडून वेगळा वेळ मागतं.

नट व्हायचं असतं तर मी वेगळं बोलले असते. सिरियलमध्ये काम मिळालं तर मढ नाहीतर घोडबंदर रोड नाहीतर फिल्मसिटी, बारा बारा तासांची शिफ्ट, आणि पैसे येणार नव्वद दिवसांनी. व्यावसायिक नाटकात गेलास तर नाइटवर, म्हणजे प्रयोगामागे पैसे, प्रयोग शनिवार-रविवार आणि मधेच दौरा. यातलं काहीही काउंटरवर बसून जमत नाही, रजा तरी किती टाकणार. लाइट्सवालीचं तेच, ती प्रयोगाला हजर नसेल तर प्रयोगच नाही, स्पॉट काय घरून देणार आहे ती? दिग्दर्शकाला निदान तालमीपुरते दीड-दोन महिने रोजच्या संध्याकाळी लागतात. लिहिणाऱ्याला काय लागतं? रोजचा एक तास, कोणी डिस्टर्ब न करणारा, आणि हप्त्याचं टेन्शन नसलेलं डोकं. यातलं दुसरं तुझ्याकडे आत्ता नाहीये, आणि ऐरोलीच्या १९ हजारांवर ते येणारही नाही.

उगाच समजूत काढतेय असं वाटेल म्हणून नाटककारांची नावंच घेते. विजय तेंडुलकर वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत नोकऱ्या करत होते. महेश एलकुंचवार नागपूरला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. सतीश आळेकर पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये बायोकेमिस्ट्रीत होते. आपल्या मुंबईचे जयंत पवार पत्रकारिता करत करत नाटकं लिहून गेले. या चौघांत एकही असा नाही ज्याने ‘आधी सगळं सोडतो, मग लिहितो’ म्हटलं. आणि दुसरीकडे डॉ. श्रीराम लागू बघ, कान-नाक-घशाचे सर्जन, १९६९ मध्ये प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर आले. त्यांना सोडावीच लागली कारण त्यांचं काम नटाचं होतं, रोज रात्री देह घेऊन स्टेजवर उभं राहायचं होतं. आणि तेसुद्धा चाळिशी ओलांडल्यावर, हातात पदवी आणि धंदा दोन्ही असताना, हे लागूंचं उदाहरण देणारे लोक नेहमी गाळतात. तुझ्या मित्राने पण दिलंच असेल कधीतरी.

आता त्या ‘कारकून’ शब्दाबद्दल. मला त्याचा राग आलाय आणि तो मी लपवणार नाही.

ज्या शिवाजी मंदिरच्या बाहेर उभं राहून तो हे बोलला ना, त्या दादर-परळ-गिरगावातली नाटकं अर्धीअधिक कारकुनांनीच उभी केली. साडेपाचला ऑफिस सुटलं की डबा तसाच पिशवीत ठेवून तालमीला जाणारी माणसं, बँकेतली, एलआयसीतली, बेस्टमधली, मंत्रालयातली, गिरण्यांमधली. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा कोणासाठी होत्या? नावातच आहे. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि तिचा कणा म्हणजे हौशी संस्था, म्हणजे दिवसा नोकरी करणारे लोक. दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये १९७४ पासून जी प्रायोगिक नाटकं झाली ती करणाऱ्यांतही पोटाला दुसरं काहीतरी करणारेच जास्त. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात नोकरीला होते, हे तुझ्या मित्राला सांग आणि मग विचार की कारकून म्हणजे नक्की काय रे. पहिल्या रांगेत फुकट पासवर बसलेल्यांपेक्षा मागे तिकीट काढून बसलेले कारकून होते म्हणून प्रयोग लागत होते. बरं जाऊ दे, मी वाहवत चालले.

पण त्या काळाच्या नावाने मी तुला फसवणारही नाही, कारण तुझ्या बाबांच्या डोक्यात जी बँक आहे ती बँक आता राहिलेली नाही. त्यांच्या ओळखीतले बँकेतले काका पाच वाजता पिशवी घेऊन घरी यायचे आणि रिटायर झाल्यावर पेन्शन खायचे. एप्रिल २०१० नंतर लागलेल्यांना ती जुनी पेन्शन नाही, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) आहे, दर महिन्याला तुझ्या पगारातून कापणार. माणसं कमी, काम जास्त, त्यात वर इन्शुरन्स विका, कार्ड विका, खाती उघडा. आणि कॅशला बसवलं तर दिवसअखेर कॅश जुळल्याशिवाय जागचा हलू शकत नाहीस. शंभराचा फरक असला तरी सगळ्या गड्ड्या परत मोजायच्या, स्लिपा परत बघायच्या, आणि नाहीच सापडला तर स्वतःच्या खिशातून घालायचे. पहिल्या महिन्यांत होतंच हे, तेव्हा लगेच ‘माझं चुकलं, मी नाटकवालाच होतो’ म्हणून रडारड करू नकोस. क्लार्कचा प्रोबेशन सहा महिन्यांचा असतो. ते सहा महिने प्रयोग नाही, तालीम नाही, शनिवारी पळून दादर नाही. गपचूप काम शिक.

पगार म्हणशील तर बँक कर्मचाऱ्यांच्या नव्या पगार करारानंतर क्लार्कचं मूळ वेतन २४,०५० पासून सुरू होतं, भत्ते धरून आणि कापाकापी होऊन आत्ताच्या साधारण दुप्पट तरी हातात यावेत. चिपळूणला खोली घेऊन, जेवणाचा डबा लावून, घरी हप्त्याला हातभार लावून थोडे उरतील. फार नाही. पण ज्या दिवशी बाबा रिटायर होतील त्या दिवशी घरात सगळ्यांची तोंडं तुझ्याकडे वळणार नाहीत, आणि जो मुलगा पुढच्या महिन्याचा हप्ता कुठून भरायचा हा हिशोब करत ट्रेनमध्ये उभा आहे त्याला त्या बापाचं वाक्य सापडायचं नाही रे. तुला आत्ता सापडत नाहीये त्याचं एक कारण हेही असेल. मी काही नाटककार नाही, तरी मला तसं वाटतं.

आणि हो, परीक्षेला वयाची अट २८ आहे, सवलत असेल तर थोडी वर. नाटकाला नाही. पस्तिसाव्या वर्षी लिहिलेल्या नाटकाला कोणी जन्मदाखला मागत नाही, पण पस्तिसाव्या वर्षी तू बँकेच्या दारात जाऊन ‘आता येतो’ म्हणालास तर वॉचमन पण हसेल. दोन दरवाज्यांपैकी जो बंद होणार आहे त्यातून आधी आत जा, उलटं झालं तर नोकरी सोडता येते, रोज कितीतरी जण सोडतात.

मित्राच्या त्या ‘मी दुकान सोडू शकतो तर तू का नाही’वर मी जरा थांबते, कारण तुझं पत्र तिथे फार पटकन पुढे गेलंय आणि तुला तिथेच खरं लागलंय. तो दुकान सोडतोय म्हणजे काय सोडतोय? दुकान तिथेच आहे. शटर रोज उघडतंय, वडील गल्ल्यावर बसतायत, आणि उद्या नाटक नाही चाललं तर तो जाऊन बसू शकतो, वर्षभर तोंड पाडून बसेल पण बसेल. तो पडला तर ठाण्यातल्या दुकानात पडणार, तू पडलास तर बाबांच्या पीएफवर पडणार. त्यात त्याचा गुन्हा नाही, मित्राचे वडील पैसेवाले असणं हा काही गुन्हा नाही आणि त्याचं नाटकावरचं प्रेमही खोटं नाही. पण दोघांनी ‘सगळं सोडलं’ असं म्हणायला सोडलेलं सारखं असावं लागतं. हे त्याला भांडणात सांगू नकोस, आत्ता सांगितलंस तर ‘बापाच्या पैशावर उड्या मारतो’ असंच त्याला ऐकू येईल. स्वतःपुरतं मात्र पक्कं समजून घे म्हणजे घाबरट-बिबरट प्रश्न पडायचे नाहीत. घाबरलास? घाबरला असशील. १४ हजारांचा हप्ता असलेला माणूस घाबरला नाही तर मला काळजी वाटेल.

त्याच्या बाजूनेही एक बोलते. तो चार लोकांसमोर तसं बोलला हे वाईटच, पण कशामुळे बोलला असेल बघ. त्याच्या ग्रुपचा लेखक जातोय. स्क्रिप्ट नसेल तर दिग्दर्शक नुसता बसणार, आणि बसला की घरचे म्हणणार चल आता गल्ल्यावर. तू गेलास की त्याच्याकडे दुकानाला ‘नाही’ म्हणायचं कारण उरत नाही. म्हणून ‘ग्रुप संपला’. तेव्हा त्याला माफी मागायला लावण्यात वेळ घालवू नकोस, त्याला सांग की स्क्रिप्ट येणार आहे, आणि कधी येणार ते तारखेसकट सांग. त्याला खरंच दिग्दर्शनच करायचं असेल तर त्यानेही नुसतं तुमच्या तिघांच्या भरवशावर बसू नये. कलिनाला मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स आहे. दिल्लीच्या एनएसडीला (राष्ट्रीय नाट्य विद्यालयात) तीन वर्षांचा कोर्स, विद्यावेतन मिळतं, पण वयाची अट ३० आहे आणि तोही तुझ्याच वयाचा असणार. म्हणजे घड्याळ त्याचंही चालू आहे, फक्त त्याला ते कोणी दाखवलेलं नाही.

आणि ती मैत्रीण. ‘काहीच बोलली नाही.’ तू हे चार शब्दांत संपवलंस, मला तेच जास्त खुपलं. तुम्ही दोघं फूटपाथवर कोण शूर कोण घाबरट हे ठरवत होतात आणि दर महिन्याला १५०० भरणारी तिसरी पार्टनर उभी राहून ऐकत होती. तिला कोणी विचारलं, बाई तुझं काय? तिच्या घरी काय चाललंय, लग्नाचं बघतायत का, ती कुठल्या सिनिअर लाइट डिझायनरबरोबर जातेय का, तुम्हाला दोघांना माहिती आहे? मला तर शंका आहे की तिघांत तिचंच काम सगळ्यात सरळ चालू राहील, कारण लाइट्सवाल्यांना नाटक कोणाचं हा प्रश्न नसतो, पाच ग्रुपची पाच नाटकं करता येतात. रात्री साडेबाराला सेट उतरवून घरी कसं जायचं हा मात्र तिचा रोजचा प्रश्न असणार आणि तो तुम्हा दोघांना कधी पडला नसेल. तिला एकटीला भेट, आणि तू बोलू नकोस, तिला बोलू दे.

चिपळूण. तुला वाटतंय काळ्या पाण्यावर चाललोय. डोंबिवलीकराने तरी असं म्हणू नये, दोन स्टेशनांवर दिवा आहे आणि दिव्याहून सावंतवाडीची गाडी चिपळूणवरून जाते. बसायला जागा मिळाली तर पाच-सहा तास तुझे लिहायला, डोंबिवलीच्या फास्टमध्ये एका हाताने वरची कडी धरून अंगठ्याने टाइप करण्यापेक्षा बरं ना? आणि गाव काही नाटकाला परकं नाही. तिकडे नमन-खेळ्यांसारखी लोकनाट्यं आहेत, गावोगावी उत्सवात वर्गणी काढून नाटकं बसवणारी मंडळं आहेत, रत्नागिरीला राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र असतं. तिथल्या मंडळांना नवीन स्क्रिप्ट हवीच असते. कोकणात जाऊन तुला एकदम साक्षात्कार होईल असलं काही मी म्हणत नाहीये, पावसाळ्यात कपडे वाळणार नाहीत आणि पहिल्या महिन्यात तू फोन करून रडशील. पण बँकेच्या काउंटरवर माणसं जे बोलतात ते लेखकाला कुठे फुकट ऐकायला मिळतं? मुंबईला असलेल्या मुलाने पाठवलेले पैसे आलेत का हे रोज पासबुक घेऊन विचारायला येणारे बाप तुला तिकडे दिसतील. तुझ्या दारातल्या बापाची ओळख निघाली तर बघ.

मला भीती आहे ती वेगळीच आहे. बँकेने तुझं लिहिणं जात नाही, आळसाने जातं. सहा वाजता खोलीवर आलास, डबा खाल्लास, मोबाइल हातात घेतलास, अकरा. असे दोन पावसाळे गेले की तू दर गणपतीला ‘आम्ही पण नाटक करायचो’ म्हणणारा माणूस होशील. असे लोक प्रत्येक शाखेत एक-दोन असतात, गोड असतात, त्यांच्याकडे जुने फोटो असतात. म्हणून प्रोबेशनचे पहिले दोन महिने सोडून तिसऱ्या महिन्यापासून रोज सकाळी एक तास, बँकेच्या आधी, संध्याकाळचा भरवसा नाही. दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते, त्यातला एक दुसऱ्या अंकाचा. कन्फर्मेशनचं पत्र हातात येईल त्या महिन्यात दुसऱ्या अंकाचा कच्चा खर्डा दिग्दर्शकाच्या हातात पडला पाहिजे, आणि हीच तारीख त्याला आता, जायच्या आधी दे. नाही दिलास तर मग तो काय वाटेल ते म्हणू दे, तेव्हा मी तुझ्या बाजूने नसेन.

बँकेच्या नियमांचं एक लक्षात ठेव, बाहेर धंदा-व्यवसाय करायला लेखी परवानगी लागते आणि न घेता केलं तर ते गंभीर गैरवर्तनात धरतात. हौस म्हणून नाटक लिहिण्याला सहसा कोणी आडवं येत नाही, पण मानधन मिळायला लागलं की आधी ब्रँच मॅनेजरकडे अर्ज टाक, कॉपीवर सही-शिक्का घे आणि जपून ठेव. ‘साहेब ओळखीचे आहेत’वर जाऊ नकोस, साहेबांची बदली होते.

आता पैसे. ४२ हजार तिघांचे आहेत, प्रत्येकी १४ हजार. तू तुझे काढून घेऊ नकोस आणि तो मागेल म्हणून दानही करू नकोस. एका कागदावर, साध्या कागदावर चालेल, लिहा की हे पैसे या नाटकासाठी आहेत, पुढच्या अमुक महिन्यापर्यंत नाटक उभं नाही राहिलं तर तीन भाग करून वाटून घ्यायचे. तिघांच्या सह्या. खातं आत्ता एकट्याच्या नावावर असेल (माझा अंदाज, दिग्दर्शकाच्या) तर ते दोघांच्या सहीचं करा आणि त्यातली एक सही मैत्रिणीची. दर महिन्याचे १५०० तू चालू ठेवलेस तर उत्तम, पगार झाल्यावर ५०० वाढवलेस तर ‘कारकून’ शब्द आपोआप गिळला जाईल.

त्याच कागदावर स्क्रिप्टचं पण लिहा. नाटक तू लिहिलंयस, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क तुझे आहेत, आणि लेखी सही करून दिल्याशिवाय ते कोणाकडे जात नाहीत, ग्रुपकडेही नाही. म्हणून ‘ग्रुपचं नाटक’ म्हणून मोघम सोडू नका. त्याला प्रयोग करायची परवानगी दे, किती प्रयोग, किती वर्षं, स्पर्धेपुरती की व्यावसायिकलाही, सगळं लिही. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. नाटकाच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाकडून संहिता पास करून घ्यावी लागेल तेव्हा लेखक म्हणून नाव तुझंच जाऊ दे. मित्रांत असं कागदावर आणलं की वाईट दिसतं असं वाटेल तुला, पण दोस्तीतली भांडणं कागद केल्याने होत नाहीत, तो नसला की होतात, हे मी या सदरात दर महिन्याला वाचते. बहुतेक वेळा दोन हजारांवरून.

आणि दिग्दर्शकाला भेटायचं तर शिवाजी मंदिरच्या बाहेर नको, तिथे प्रेक्षक असतात आणि तुम्ही दोघंही प्रेक्षक दिसले की डायलॉग मारता. त्याच्या दुकानात जा. वडील असतील तर असू देत. चहा सांगतील, बसून पी. पहिला अंक प्रिंट काढून घेऊन जा आणि सांग मी एकवीस दिवसांनी जातोय, जायच्या आधी तिघं बसून हा मोठ्याने वाचू, कुठे अडलंय ते तूच सांग. नाही आला वाचनाला तर तुम्ही दोघं वाचा.

बाकी जॉइनिंगचं, सगळ्या मार्कशीट ओरिजिनल लागतील, फोटो जास्तीचे काढून ठेव, आणि ऐरोलीच्या कंपनीकडून रिलीव्हिंग लेटर आजच मागायला लाग, कॉन्ट्रॅक्टवाले हे लेटर द्यायला फार रखडवतात आणि बँक ते मागते. एचआरने फोन नाही उचलला तर मेल टाक, मेलचा प्रिंट काढून ठेव.

– तुझी ताई